कुपीतला रोधक आणि डब्यातली गोळी



तांजोंग पगारला राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच महिन्यात एक विनोद ऐकावा लागतो: "नावातच पगार आहे, मग तुम्हाला काय कमी!" आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आलेला. इथला 'पगार' मलाय भाषेतला, आणि त्याचा अर्थ कुंपण. तांजोंग म्हणजे भूशिर. म्हणजे आम्ही राहतो ते कुंपणाच्या भूशिरावर. आजचा विषयही एका अर्थी कुंपणाचाच आहे, आणि थोडासा आपल्या पगाराचाही.

तांजोंग पगारहून एमआरटीचे पुढचेच स्टेशन आउट्रम पार्क. तिथल्या रुग्णालयांच्या परिसरातील एका संशोधन प्रयोगशाळेची व्यवस्था मी पाहते. मी डॉक्टर नाही. रसायने मागवणे, त्यांच्या नोंदी ठेवणे, फ्रीझरच्या तापमानावर लक्ष ठेवणे आणि नव्या विद्यार्थ्यांना कामाला लावणे, हे माझे काम. गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळाला भेटलेली मंडळी मला हमखास विचारतात, "अमुक संयुगाने कॅन्सरच्या पेशी मरतात असे वाचले. तुमच्या लॅबमध्ये ते असेल ना?" बऱ्याच वेळा ते असतेही. पण ते असणे आणि त्याचे औषध असणे यात फार मोठे अंतर आहे. ते किती, आणि का, हे दोन वाक्यांत सांगता येत नाही. म्हणून हा लेख.

एन्झाइम आणि त्याचा रोधक

मटण लवकर शिजावे म्हणून आपण कच्ची पपई लावतो. पपईतले पपेन हे एन्झाइम मांसातली प्रथिने तोडते. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला 'विकर' म्हटलेले आठवत असेल. आपल्या शरीरात अशी हजारो एन्झाइमे आहेत. कुणी अन्न पचवते, कुणी कोलेस्टेरॉल बनवते, कुणी पेशीला 'आता विभागणी कर' असा निरोप पोचवते. प्रत्येकाचा एक खोलगट भाग असतो. ज्यावर काम करायचे तो पदार्थ तिथे येऊन बसतो आणि बदलून बाहेर पडतो.

या खोलगट भागात, किंवा त्याच्या आसपास, दुसराच एखादा पदार्थ जाऊन बसला तर काम थांबते. त्या पदार्थाला इंग्रजीत इनहिबिटर म्हणतात. आपण रोधक म्हणू. कच्च्या कडधान्यांत असे रोधक निसर्गतःच असतात आणि ते आपले प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन अडवतात. उसळ नीट शिजवून खावी, या आजीच्या आग्रहामागे हेही एक कारण आहे. शिजवल्यावर त्या रोधकांचा जोर बराच ओसरतो.

औषधांच्या डब्यात डोकावून पाहा

रोधक ही काही दूरची गोष्ट नाही. आईवडिलांचा औषधांचा डबा उघडून पाहा. कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन ही यकृतात कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एन्झाइमची रोधक आहे. रक्तदाबाची एनालाप्रिल रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य तयार होऊ देत नाही. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल जठरातला आम्लाचा पंप बंद करते, आणि तो पंप म्हणजे एक एन्झाइमच. ॲस्पिरिन, गाउटची ॲलोप्युरिनॉल, मधुमेहाची सिटाग्लिप्टिन, सगळे याच कुळातले. अमोक्सिसिलिनबरोबर एकाच गोळीत येणारे क्लॅव्हुलॅनिक आम्ल तर जीवाणूच्या एन्झाइमला रोखते. ते एन्झाइम मोकळे राहिले असते तर त्याने अमोक्सिसिलिनच मोडून टाकले असते.

जाता जाता एक उपयोगी सूचना. ग्रेपफ्रूटमधली काही द्रव्ये आतड्यातल्या एका एन्झाइमला रोखतात. ते एन्झाइम काही औषधांचा भाग रक्तात जाण्याआधीच मोडत असते. ते थांबले की सिम्व्हास्टॅटिन किंवा ॲटोरव्हास्टॅटिनसारखी औषधे रक्तात गरजेपेक्षा जास्त साठू शकतात. पपनस म्हणजे इथला पोमेलो त्याच कुळातला. चिनी नववर्षाला शेजारी प्रेमाने पोमेलो देतात. रोजच्या गोळ्या चालू असतील तर तो खाण्याआधी फार्मासिस्टला एकदा विचारावे.

प्रयोगशाळेत यांचे काम काय?

आमच्या उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये बोटाच्या पेराएवढ्या कुप्यांचे डबेच्या डबे आहेत. एकेका कुपीत 5 किंवा 10 मिलिग्रॅम पांढरट भुकटी, आणि लेबलवर ठळक अक्षरांत लिहिलेले: फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरासाठी नाही. ही भुकटी बहुधा डीएमएसओ नावाच्या द्रवात विरघळवतात आणि वाढवलेल्या पेशींवर अगदी सूक्ष्म प्रमाणात टाकतात.

उद्देश असतो प्रश्न विचारण्याचा. समजा, एका गाठीच्या पेशी भराभर वाढत आहेत आणि त्याला 'क' हे एन्झाइम जबाबदार असावे असा संशय आहे. मग 'क' चा रोधक टाकून पाहायचे. वाढ थांबली तर संशय बळावतो. शेजारच्या बशीत नुसता डीएमएसओ टाकतात, म्हणजे परिणाम रोधकाचा की द्रवाचा, हे कळते. जितक्या प्रमाणात एन्झाइमचे काम निम्म्यावर येते, तो आकडा त्या रोधकाची ताकद सांगतो. आकडा जितका लहान तितका रोधक जोरदार. काही रोधकांचे काम तर आणखीच घरगुती. पेशी फोडल्या की त्यांच्यातलीच एन्झाइमे बाकीच्या प्रथिनांचा फडशा पाडू लागतात. ते होऊ नये म्हणून आम्ही आधीच रोधकांचे मिश्रण टाकून ठेवतो.

पण एक अडचण कायम असते. रोधकाला आपण नाव एका एन्झाइमचे देतो, तो मात्र तेवढ्यावरच थांबतो असे नाही. 1977 साली जपानमध्ये जमिनीतल्या एका जीवाणूत स्टॉरोस्पोरिन हे द्रव्य सापडले. ते कायनेज जातीच्या एन्झाइमांना रोखते. कायनेज म्हणजे पेशीतले निरोप पुढे पोचवणारी एन्झाइमे. शरीरात ती पाचशेच्या आसपास आहेत आणि स्टॉरोस्पोरिन त्यांतल्या कितीतरी एकाच वेळी अडवते. पेशी मारायला ते उत्तम. पण ती नेमकी कशाने मेली हे त्यावरून कळत नाही, आणि माणसाला ते देण्याचा तर प्रश्नच नाही. म्हणूनच चांगली प्रयोगशाळा एकाच रोधकावर विसंबत नाही. वेगळ्या घडणीचा दुसरा रोधक वापरून पाहते, जनुक बंद करून पाहते, आणि मगच बोलते.

कुपीपासून गोळीपर्यंत

स्टॅटिनचीच कथा पाहा. जपानचे अकिरा एन्डो यांनी 1971 मध्ये कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एन्झाइमचा रोधक बुरशीत शोधायला सुरुवात केली. सुमारे 6,000 नमुने तपासल्यावर एका पेनिसिलियम बुरशीत त्यांना कॉम्पॅक्टिन सापडले. परीक्षानळीत ते उत्तम चालले, पण उंदरांचे कोलेस्टेरॉल काही उतरेना! काम तिथेच बंद पडायचे, पण 1976 च्या सुमारास कोंबड्यांवर प्रयोग झाला आणि आकडा निम्म्यापर्यंत खाली आला. पुढे याच जातीचे लोव्हास्टॅटिन बाजारात यायला 1987 उजाडले. म्हणजे परीक्षानळीतला 'हो' हा उंदरातला 'हो' नसतो, आणि उंदरातला 'नाही' हाही शेवटचा शब्द नसतो.

आमच्या आउट्रमचेच उदाहरण घ्या. ड्यूक-एनयूएस वैद्यकीय विद्यालय आणि ए-स्टार यांनी मिळून ईटीसी-159 नावाचे संयुग तयार केले. ते पोर्क्युपाइन, म्हणजे साळिंदर, असे गमतीचे नाव असलेल्या एन्झाइमला रोखते. पेशी वाढीचा एक संदेश बाहेर पाठवतात, त्या संदेशाला हे एन्झाइम एक स्निग्ध शेपटी जोडते. शेपटीशिवाय संदेश बाहेर पडत नाही. काही आतड्यांचे आणि स्वादुपिंडाचे कर्करोग याच संदेशावर पोसले जातात. 2015 साली हे संयुग पहिल्यांदा रुग्णाला दिले गेले. सिंगापूरच्या सार्वजनिक पैशातून शोधलेले आणि घडवलेले, माणसावरच्या चाचणीपर्यंत पोचलेले ते पहिले औषध. पण तोच संदेश हाडांनाही लागतो. त्यामुळे हाडांची झीज होण्याचा धोका पुढे आला आणि ती भरून काढण्याचाही अभ्यास करावा लागला. दहा वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी ते औषधांच्या दुकानात मिळत नाही.

सगळ्याच कथा अशा अर्ध्यावर राहत नाहीत. सिंगापूरच्याच एस-बायो या कंपनीत जन्मलेले पॅक्रिटिनिब 2012 मध्ये एका अमेरिकी कंपनीने घेतले आणि 2022 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत मायलोफायब्रोसिस या अस्थिमज्जेच्या रोगाच्या काही रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली. संयुग तेच, पण मधली दहा वर्षे चाचण्या, अडथळे आणि पुन्हा चाचण्या यांत गेली.

आणि कधी कधी फार वाईटही घडते. जानेवारी 2016 मध्ये फ्रान्समधल्या रेन शहरात एका रोधकाची निरोगी स्वयंसेवकांवर पहिली चाचणी चालू होती. सहा जणांना रुग्णालयात हलवावे लागले आणि त्यांतला एक दगावला. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की तो रोधक ठरवलेल्या एन्झाइमखेरीज इतरही एन्झाइमांना अडवत होता. हे घडले ते परवानगी असलेल्या, डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या चाचणीत. मग घरच्या घरी काय होईल, याचा विचार करावा.

"थोडे मिळेल का?"

दोन वर्षांपूर्वी मंडळातल्या एका ताईंचा फोन आला. पुण्यातल्या त्यांच्या थोरल्या भावाला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला होता. पुतण्याने कुठेतरी एका रोधकाविषयी वाचले होते आणि तीच भुकटी विकणारे एक संकेतस्थळही शोधले होते. ताई म्हणाल्या, "मागवू का ते सांग. नाहीतर तुझ्याकडचे थोडे मिळेल का?"

ती कुपी माझ्या फ्रीझरमध्ये खरोखरच होती. तरी मी नाही म्हटले, आणि कारणे एकेक करून सांगितली. पहिले, ही भुकटी पेशींसाठी बनवलेली असते. तिची शुद्धता माणसाच्या औषधाच्या कसोटीला उतरलेली नसते. दुसरे, प्रमाण. इमॅटिनिब हे रक्ताच्या एका कर्करोगावरचे औषध रोज साधारण 400 मिलिग्रॅम घेतात. लॅबमध्ये आम्ही त्याचे एक मायक्रोमोलर द्रावण वापरतो, म्हणजे लिटरमध्ये जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. 5 मिलिग्रॅमची कुपी आम्हाला महिनोन् महिने पुरते, आणि माणसाच्या एका दिवसाच्या मात्रेला अशा 80 कुप्या लागतील. चाचणीच न झालेल्या संयुगाची तर योग्य मात्रा कोणती, हेच कुणाला माहीत नसते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, भावाची केमोथेरपी चालू होती. औषधे मोडणारे यकृतातले एन्झाइम या नव्या पाहुण्याने अडवले, तर केमोथेरपीच विषासारखी चढू शकते.

मी त्यांना 2007 मधली हकीकतही सांगितली. कॅनडातल्या एडमंटनच्या संशोधकांनी डायक्लोरोॲसिटेट या साध्या, स्वस्त संयुगाने उंदरांमधल्या गाठी आक्रसतात असे दाखवले. हेही एका कायनेजचे रोधक. बातमी जगभर पसरली आणि रुग्ण इंटरनेटवरून भुकटी मागवून स्वतःच घेऊ लागले. या द्रव्याने हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते, हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होते. शेवटी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांना मध्ये पडून विक्री थांबवावी लागली.

ताई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे काहीच करता येणार नाही?" करता येण्यासारखे होते. बीआरसीए जनुकात जन्मजात दोष असलेल्या स्वादुपिंडाच्या काही रुग्णांसाठी ओलापॅरिब या रोधकाला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली आहे. म्हणून भावाची ती जनुकचाचणी झाली आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारायला मी सांगितले. भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही सर्वांना पाहता येते, तीही आम्ही दोघींनी बसून पाहिली. जनुकचाचणीत दोष निघाला नाही आणि जुळणारी ट्रायलही मिळाली नाही. भाऊ सात महिन्यांनी गेले. नंतर भेटल्या तेव्हा ताई म्हणाल्या, "ते मागवले असते, तर आपणच काही बिघडवले का, हा प्रश्न जन्मभर राहिला असता."

आता पैशाची बाजू

मान्यता मिळालेले रोधक महाग असतात, हे खरे. पण ती किंमतही दगडावरची रेघ नसते. सोराफेनिब हे यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे कायनेज रोधक. भारतात त्याचा महिन्याचा खर्च सुमारे 2 लाख 80 हजार रुपये होता. मार्च 2012 मध्ये पेटंट नियंत्रकांनी मुंबईतून निकाल दिला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला. किंमत ठरली महिन्याला सुमारे 8,800 रुपये. भारतातला हा असा पहिलाच परवाना. मुंबई उच्च न्यायालयाने तो 2014 मध्ये कायम ठेवला. इमॅटिनिबच्या सुधारित रूपाच्या पेटंटचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी फेटाळला. त्या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था एक पक्षकार होती. म्हणून गावाकडच्या नातेवाइकांसाठी खर्चाचा अंदाज घेताना मूळ ब्रँडच्या किमतीने घाबरून जाऊ नये. जेनेरिक मिळते का, हे डॉक्टरांना आधी विचारावे.

सिंगापूरमध्ये दुसरे गणित आहे. 1 सप्टेंबर 2022 पासून मेडिशील्ड लाइफ आणि मेडिसेव्हमधून कर्करोगाच्या बाह्यरुग्ण औषधोपचाराचे पैसे मिळतात, ते सरकारी कर्करोग औषध यादीतल्या उपचारांनाच. इंटिग्रेटेड शील्ड योजनांना हाच नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाला. यादीत केवळ औषधाचे नाव असून भागत नाही, ते कोणत्या आजारासाठी हेही जुळावे लागते. यादीबाहेरच्या औषधांसाठी काही रायडर मर्यादित भरपाई देतात. मेडिशील्ड लाइफ हे नागरिक आणि पीआर यांच्यासाठीच आहे. एम्प्लॉयमेंट पासवरच्या कुटुंबांनी नोकरीतल्या विम्याचे कागद आजारपण येण्याआधी वाचावेत. भेटीला आलेल्या आईवडिलांचा विमा वेगळा काढावा लागतो, हेही विसरू नये.

थोडक्यात सांगायचे तर:

1. बातमी वाचताना आधी पाहावे, प्रयोग कशावर झाला: नुसत्या एन्झाइमवर, पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? माणसांवर असेल तर किती जणांवर?

2. 'फक्त संशोधनासाठी' असे लिहिलेली कोणतीही भुकटी कोणत्याही किमतीला विकत घेऊ नये. कुणी ओळखीने फुकट देऊ केली तरी घेऊ नये.

3. कर्करोगतज्ज्ञांना तीन प्रश्न विचारावेत: गाठीची आणि रक्ताची जनुकचाचणी उपयोगी पडेल का? या आजाराला मान्यता असलेला रोधक आहे का? आमच्यासाठी एखादी ट्रायल चालू आहे का?

4. खऱ्या ट्रायलला नोंदणी क्रमांक असतो, संमतीपत्र असते आणि मधेच बाहेर पडण्याची मुभा असते. चाचणीतल्या औषधाचे पैसे साधारणपणे रुग्णाकडून घेत नाहीत. कुणी आगाऊ रक्कम मागितली तर थांबावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारावे.

5. घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांची यादी, काढे आणि आयुर्वेदिक औषधांसकट, एका कागदावर लिहून पाकिटात ठेवावी. कोणता रोधक कोणाच्या वाटेत येतो, हे डॉक्टरांना आणि फार्मासिस्टला त्या यादीशिवाय कळणार नाही.

यातले पाचवे काम आज रात्री जेवणानंतर दहा मिनिटांत होण्यासारखे आहे. तेवढे जरूर करावे.